रात्री दोन वाजता मीटर काय सांगतो

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत सोळा फ्लॅट आहेत. लिफ्ट नाही. जिन्यातले दिवे, कॅमेरे आणि पाण्याची मोटर, एवढंच काय ते कॉमन मीटरवर. तरी मार्चचं लाईट बिल हातात पडलं आणि मीटिंगमध्ये नेहमीची जुंपली. एकाचं म्हणणं, खालच्या मजल्यावरचे चोरून स्कूटर चार्ज करतात. दुसऱ्याचं म्हणणं, मीटरच पळतो. खजिनदार मी, त्यामुळे बोलणी मला. शेवटी एका रात्री दोन वाजता मोबाईल घेऊन जिन्याखाली मीटरसमोर जाऊन बसलो.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे, कुणाच्या मीटरवर १६०० असेल, आणखी वेगळाही असेल. अर्थ इतकाच की हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मग एका मिनिटात तो किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं, साठनं गुणायचं, ३२०० नं भागायचं. उत्तर येतं ते या घडीला किती किलोवॅट वीज जातेय त्याचं. सातवीच्या गणिताच्या पलीकडे यात काही नाही.

जिन्यात नऊ वॅटचे आठ बल्ब, म्हणजे ७२ वॅट. कॅमेरे आणि रेकॉर्डरला साठेक धरा. सगळे मिळून १३० वॅट झाले. एवढ्याला मिनिटात सात वेळा लुकलुकायला हवं. मी मोजलं तर चौसष्ट. परत मोजलं, परत चौसष्ट. म्हणजे १.२ किलोवॅट. हजारभर वॅटचं काहीतरी मध्यरात्री गुपचूप चालू होतं. कान दिला तर हौदाजवळच्या कोपऱ्यातून घरघर येत होती. मोटर चालू होती.

आता ही मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही कंट्रोलर बसवला होता. वरच्या टाकीत स्टीलच्या तीन सळ्या सोडलेल्या असतात. पाणी वरच्या सळीला लागलं की पाण्यातून किंचित करंट वाहतो, भिंतीवरच्या डबीला कळतं की टाकी भरली, आणि ती मोटर बंद करते. पण आमच्या बोअरचं पाणी जड. नळाच्या तोंडाशी जसे पांढरे क्षार धरतात तसे ते सळ्यांवरही धरले आणि त्या थरातून करंट जाईना. टाकी तुडुंब, सळी पाण्यात बुडालेली, आणि डबीच्या हिशेबी टाकी रिकामीच.

एरवी टाकी वाहायला लागली की अख्खी सोसायटी जागी होते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात पाणी पडल्याचा आवाज झोपेतही ऐकू येतो. पण आम्ही शहाणपणा करून टाकीचा ओव्हरफ्लो पाईप परत खाली हौदातच सोडला होता. थेंब वाया जायला नको ना! त्यामुळे पाणी रात्रभर हौदातून वर जात होतं आणि वरून हौदात येत होतं. वॉचमनमामा रात्री अकराला मोटरचं बटण ‘ऑटो’वर टाकत, सकाळी सहाला काढत. टाकी बाराच्या आत भरते. पुढचे सहा तास पाण्याची नुसती प्रदक्षिणा. महिन्याला जवळपास दोनशे युनिट. कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे आमच्या प्रदक्षिणेसाठी महिन्याला सव्वाशे-दीडशे किलो कोळसा कुठंतरी जळत होता. ‘कुठंतरी’ तरी कशाला म्हणायचं, होटगीच्या बाजूला फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आपल्या उशाशीच आहे.

‘स्मार्ट बिल्डिंग’ म्हणून जे काही हल्ली सांगितलं जातं, ते सगळं या तीनशे-पाचशे रुपयांच्या डबीत आहे. सळ्या म्हणजे डोळे, डबी म्हणजे मेंदू, मोटरचा स्टार्टर म्हणजे हात. मोठ्या इमारतीत याच गोष्टी शेकड्यानं असतात, इतकंच. आमच्याकडे कमी होतं ते एकच: हात हलला का आणि हलल्यावर खरंच काही घडलं का, हे बघणारं कुणीतरी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत.

शिपाई, भोंगा आणि मेंदू

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वॉरेन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते. वर्गात किती थंडी-ऊब आहे हे बघायला शिपाई दर थोड्या वेळानं शिकवणं मोडून आत यायचा, आणि मग तळघरात जाऊन गरम हवेची झडप हलवायचा. जॉन्सन वैतागले. त्यांनी खोलीचं तापमान ओळखून तळघरात घंटा वाजवणारं यंत्र केलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मजा अशी की झडप हलवायला शिपाईच होता. डोळे यंत्राचे, हात माणसाचे. पुढे हातही यंत्राचे झाले आणि त्यातूनच इमारतींच्या स्वयंचलित नियंत्रणाचा धंदा उभा राहिला.

सोलापूरला यंत्रानं चालणाऱ्या शहराची ओळख वेगळ्या वाटेनं झाली. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल. भोंगा झाला की पाळी बदलायची, चुली पेटायच्या, पोरं शाळेला निघायची. भोंगा म्हणजे वेळेवर चालणारं नियंत्रण. आजही बहुतेक इमारती भोंग्यावरच चालतात: सकाळी नऊला एसी चालू, संध्याकाळी सहाला बंद, मग आत माणूस असो वा नसो. स्मार्ट इमारत घड्याळाकडे बघतेच, पण शिवाय विचारते की आत्ता इथं कुणी आहे का, त्याला काय हवंय, बाहेर ऊन किती आहे.

मोठं हॉस्पिटल घ्या. गच्चीवर किंवा मागच्या अंगाला चिलर असतो. तो पाणी सात-आठ अंशांपर्यंत थंड करतो, पंप ते पाणी मजल्यामजल्यावर नेतात, तिथं पंखे त्या थंड नळ्यांवरून हवा फुंकतात आणि ती हवा डक्टमधून खोल्यांत जाते. परतणाऱ्या हवेचं तापमान, पाण्याचा दाब, फिल्टर किती तुंबलाय, खोलीत किती माणसं आहेत, या सगळ्याची मोजमापं एका कंट्रोलरकडे जातात. असे सगळे कंट्रोलर एका स्क्रीनवर आणले की त्याला बीएमएस म्हणतात, बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. कंट्रोलर एकमेकांशी ठरलेल्या भाषांत बोलतात. मॉडबस ही १९७९ पासूनची, कारखान्यांतल्या पॅनलमध्ये सगळीकडे दिसणारी. बॅकनेट १९९५ ची, खास इमारतींसाठी केलेली. खरेदी करताना विचारायचा खरा प्रश्न इथं आहे. पॅनल या उघड भाषांत बोलत असेल तर उद्या दुसरा कुणीही दुरुस्तीला येऊ शकतो. कंपनीच्या घरच्या गुप्त भाषेत बोलत असेल तर तुम्ही जन्मभराचे त्यांचे गिऱ्हाईक. चकचकीत स्क्रीन बघून भुलणारे लोक हे विचारत नाहीत आणि तीन वर्षांनी एएमसीचा, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या कराराचा, आकडा ऐकून घाम पुसतात.

घनाची गंमत

या सगळ्यात पैसे नेमके वाचतात कुठं? माझ्या मते सर्वांत मोठी कमाई पंख्यांत आणि पंपांत आहे, आणि त्याचं कारण एका साध्या नियमात दडलंय. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. घन म्हणजे तीन वेळा गुणून. वेग ८० टक्के केला तर वीज ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के. हवा फक्त वीस टक्क्यांनी कमी झाली आणि वीज निम्म्यावर आली! वेग निम्मा केला तर वीज एक अष्टमांश.

आता आपल्याकडे हवा कमी करायची रीत काय? पंखा पूर्ण जोरात ठेवायचा आणि पुढं झडप आवळायची. म्हणजे एका पायानं ॲक्सिलरेटर दाबून दुसऱ्यानं ब्रेक लावायचा. व्हीएफडी नावाचं उपकरण मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलून तिचा वेगच कमी करतं. सूतगिरणीत ज्यानं काम केलंय त्याला हे सांगायला नको. सुताला ओलावा लागतो, हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून तिथं ओलसर हवेचे भलेमोठे पंखे दिवसरात्र फिरत असतात. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा तेच पंखे उन्हाळ्याच्या जोरात फिरवण्याची गरज नाही. ओलावा मोजणारा सेन्सर आणि व्हीएफडी यांची गाठ मारून दिली की पंखा ऋतू बघून फिरतो. (पंपाला हा घनाचा नियम जसाच्या तसा लागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पाणी उंचावर चढवायचं असेल तर वेग एका मर्यादेखाली गेला की पाणी वर पोचतच नाही. विक्रेता ‘पंपावरही निम्मी बचत’ म्हणाला तर आधी विचारा, पाणी किती वर चढवायचंय.)

घरातही याचं धाकटं भावंड आहे. साधा छताचा पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा, पंखा तेवढीच हवा तीसेक वॅटमध्ये देतो. सोलापुरात मार्च ते जून पंखा अठरा तास फिरतो. हिशेब तुमचा तुम्ही करा.

हुतात्मा स्मृती मंदिरासारखं नाट्यगृह डोळ्यांपुढे आणा. दुपारी तालमीला वीस माणसं, रात्री प्रयोगाला खच्चून गर्दी. बाहेरची ताजी हवा किती आत घ्यायची हे अंदाजानं ठरवलं तर एक तर वीस माणसांसाठी हॉलभर हवा थंड करत बसायचं, नाही तर दुसऱ्या अंकात प्रेक्षक जांभया द्यायला लागायचे. जांभया नाटकामुळेच आल्या असं नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. बंद हॉलमध्ये माणसं श्वास सोडत राहतात, तो हजाराच्या वर गेला की हवा कोंदट वाटते. भिंतीवरचा छोटा सेन्सर हा आकडा बघतो आणि ताज्या हवेचा पंखा वाढवतो-घटवतो. नाटक वाईट असेल तर त्याला इलाज नाही.

आधी अंग, मग डोकं

इथं मला थोडं भांडायचंय. पश्चिमेला तोंड करून अख्खी भिंत काचेची बांधायची, वरचा स्लॅब उघडा ठेवायचा, आणि मग आतली आग विझवायला लाखोंचे सेन्सर बसवायचे, याला स्मार्ट म्हणवत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा वाजता खाली आग ओकत असतो, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा.

आपल्या आजोबांच्या माळवदाला हे ठाऊक होतं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या सरांवर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या मातीतून आत झिरपायला इतका वेळ घेतं की ते पोचेपर्यंत रात्र होते आणि माणसं अंगणात नाही तर वर माळवदावर झोपायला गेलेली असतात. उष्णतेला असं ताटकळत ठेवणं ही इमारतशास्त्रातली रीतसर युक्ती आहे. आज माळवद बांधायला कुणी जाणार नाही, त्याची डागडुजी कोण करणार? पण गच्चीला पांढरा कूल रूफ रंग किंवा निदान चुना तरी लावता येतो. ताजा पांढरा थर सत्तर-ऐंशी टक्के ऊन परतवतो. उघडा सिमेंटचा स्लॅब त्याच्या निम्मंही परतवत नाही. पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माग चालतात तिथं तर हा फरक सेन्सरशिवाय अंगाला कळतो.

सरकारी नियमही या दिशेनं आलेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणजे बीईई २००२ पासून. मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता पहिल्यांदा २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. भिंतीतून-छतातून किती उष्णता आत यावी, काच कशी असावी, याची मर्यादा त्यात आहे. तुमच्या-आमच्यापर्यंत पोचलेला नियम म्हणजे एसीचा. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेला खोलीचा एसी चालू केला की आपणहून २४ अंशांवर सुरू होतो. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं बीईई सांगतं. आपण मात्र रिमोट हातात घेऊन १८ करतो आणि वर चादर ओढून घेतो. चादरीचा धंदा आपलाच असल्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

गल्लीतला दिवा, उजनीचं पाणी

इमारतीतून बाहेर पडून शहर पाहू. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव जानेवारी २०१६ मध्ये आलं. त्यातून काय झालं आणि काय राहिलं यावर सात रस्त्याच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तासभर ऐकायला मिळेल, त्यात मी पडत नाही. तंत्रज्ञान काय करू शकतं तेवढं बघू.

रस्त्यावरचा दिवा. जुना सोडियमचा पिवळा दिवा २५० वॅटचा, चोकसकट जास्तच. त्याच्या जागी शंभर-सव्वाशे वॅटचा एलईडी येतो. ही झाली सोपी बचत. दुसरी बचत वेळेची. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सात वाजता. साध्या टायमरवर वेळ एकदा लावली आणि कुणी बदलली नाही, तर वर्षाचे काही महिने उजेडात दिवे जळतात आणि काही महिने अंधारात माणसं चाचपडतात. खगोलीय टायमर म्हणजे ज्याच्या पोटात गावाचे अक्षांश-रेखांश भरलेत असा टायमर. तो रोजचा सूर्यास्त स्वतःच काढतो. एकेका फीडर पॅनलमध्ये सिमकार्ड घातलं की कुठल्या पॅनलवर आज किती वीज गेली ते कचेरीत दिसतं. शंभर दिव्यांच्या पॅनलवर नव्वद दिव्यांइतकीच वीज गेली तर दहा बंद आहेत, हे नागरिकानं तक्रार करायच्या आधी कळायला हवं. दुपटीनं गेली तर कुणीतरी चोरून तारेवर आकडा टाकलेला आहे, हेही.

पाण्याचं प्रकरण मात्र जास्त गहन आहे. हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला, पंपात काहीही वाया न जाता, सुमारे पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. प्रत्यक्षात पंप आणि मोटर आपापला वाटा खातात, पाईपमधलं घर्षण त्याचा खातं. आपलं पाणी उजनीहून शंभराहून जास्त किलोमीटर पाईपमधून येतं, पाकणीला शुद्ध होतं, मग गावातल्या टाक्यांत चढतं. म्हणजे सोलापुरात नळाचं प्रत्येक घागरभर पाणी ही वीजही आहे. रस्त्याखाली गळलेलं पाणी म्हणजे गळलेली वीज.

गळती शोधायची जगभरची सोपी युक्ती आमच्या मीटरसारखीच आहे. रात्री दोन ते चार सगळे झोपलेले असतात, कुणी पाणी वापरत नाही, तरीही पाईपमधून पाणी वाहत असेल तर ते गळतंय. वस्तीच्या तोंडाशी फ्लो मीटर लावायचा आणि रात्रीचा आकडा बघायचा. पण ही युक्ती चोवीस तास पाणी असणाऱ्या गावांची. आपल्याकडे पाणी रात्री दोनलाच सुटू शकतं, आणि सुटलं की वस्तीतला प्रत्येक माणूस जागा होऊन मोटर लावतो! इथं रात्रीचा आकडा काहीच सांगत नाही. तेव्हा हिशेब वेगळा मांडावा लागतो: टाकीतून किती सोडलं, वस्तीत किती पोचलं, दाब कुठं एकदम पडला. परगावच्या यशोगाथा इथं आणताना हा फरक कुणी सांगत नाही, आणि मग यंत्रणा बसते पण उपयोग दिसत नाही.

मीटर पळतो का?

स्मार्ट मीटरविषयी लोकांच्या मनात भीती आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. स्मार्ट मीटर वीज मोजतो जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरसारखीच. वेगळं एवढंच की तो दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा आकडा साठवून मोबाईलच्या नेटवर्कवरून किंवा रेडिओनं पाठवून देतो. लाल दिवा त्यावरही असतो. शंका असेल तर घरातलं सगळं बंद करा, पाणी तापवायची हजार वॅटची रॉड बादलीत बुडवून मग चालू करा, आणि मिनिटभर मोजा. ३२०० च्या मीटरवर त्रेपन्नच्या आसपास यायला हवेत. व्होल्टेज वरखाली असेल तर चार इकडेतिकडे. ऐंशी आले तर तक्रार करायला तुमच्याकडे पुरावा आहे. कुणाच्या म्हणण्यावर जायची गरज नाही.

या पंधरा मिनिटांच्या आकड्यांमुळे वेळेप्रमाणे दर लावता येतो, म्हणून आपल्याकडे या मीटरला टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर म्हणतात. कारखान्यांना हे जुनं आहे. घरगुती ग्राहकांसाठी महावितरणनं जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासूनची सवलत आणली. दुपारीच का? कारण दुपारी सौरऊर्जेचा ढीग पडलेला असतो. लक्ष्मी मंडईत मेथीच्या गाड्या एकदम उतरल्या की जुडीचा भाव खाली येतो, तसंच. फरक एक आहे. मेथी संध्याकाळपर्यंत पाणी मारून ठेवता येते, वीज ठेवायला बॅटरी लागते आणि बॅटरी महाग. म्हणून वीज साठवण्यापेक्षा काम सरकवणं स्वस्त. आमची मोटर आता दुपारी एक वाजता चालते, रात्री नाही. टाकीत चढलेलं पाणी ही आमची बॅटरी.

काम सरकवण्यानं ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, काय मिळतं ते समजायला जातं आठवा. एका लयीत फिरणाऱ्या जात्यात मोठी मूठ पडली की खुंटा जड होतो, जातं मंदावतं. मूठ लहान पडली की पळायला लागतं. देशातली सगळी जनित्रं अशीच एका लयीत फिरतात, सेकंदाला पन्नास आवर्तनं. वापर एकदम वाढला की पन्नासचे ४९.९ होतात, आणि मग कुणीतरी जास्त वीज तयार करायची किंवा कुणीतरी वापर कमी करायचा, एवढेच दोन रस्ते. या लयीशी सोलापूरचा एक धागा जुळलेला आहे, तो आपल्याच लोकांना फारसा माहीत नाही. २०१३ पर्यंत दक्षिणेची ग्रीड बाकी देशापासून वेगळ्या लयीत फिरत होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि सगळा देश एका लयीत आला. काश्मीर ते कन्याकुमारी म्हणायची सवय आहे. विजेच्या बाबतीत ती गाठ आपल्या शिवाराजवळ मारली गेली.

संध्याकाळी सात वाजता सूर्य गेलेला, घराघरांत दिवे, टीव्ही, एसी एकदम चालू. जातं जड होतं ते तेव्हा. स्मार्ट इमारत दुपारी स्वस्त विजेवर पाणी थंड करून टाकीत ठेवते, किंवा चार वाजता खोल्या जरा जास्तच गार करून घेते आणि सात ते आठ चिलर हळू चालवते. आतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. अशा हजार इमारती एका इशाऱ्यावर वागल्या तर तेवढ्यापुरतं नवं वीजकेंद्रच उभं राहिल्यासारखं होतं. गच्चीवरच्या सौर पॅनलनं याला जोड मिळते. एक किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट धरा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. पॅनलवरची धूळ आठवड्याला पुसली नाही तर मात्र ही चार युनिटं कागदावरच. आपल्या गावची धूळ म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

दोन काळज्याही नोंदवतो. पंधरा-पंधरा मिनिटांचा आलेख बघून एखाद्याला कळतं की तुम्ही किती वाजता उठता, घर कधी बंद असतं, शेडमध्ये रात्रपाळी चालू आहे की नाही. हा आलेख कुणाकुणाच्या हातात जातो हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. दुसरी काळजी शिरकावाची. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते थंड करणाऱ्या मशिनरीचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचं लॉगिन चोरून. एसीवाल्याला पासवर्ड देताना तिजोरीची किल्ली देतोय असं कुणाला वाटतं? बीएमएसचा पासवर्ड ‘ॲडमिन १२३’ असलेल्या इमारती मी डोळ्यांनी पाहिल्यात, नावं घेत नाही.

आमच्या टाकीचं काय झालं ते राहिलं. वायरमननं सळ्या काढून तिथं तरंगणारा फ्लोट स्विच टाकला, क्षार धरले तरी तो तरंगतोच. ओव्हरफ्लोचा पाईप हौदातच राहू दिला, पण त्याच्या वाटेत एक पारदर्शक नळी जोडली, वॉचमनच्या खुर्चीसमोर. नळीत पाणी दिसलं की मोटर बंद. आणि मामांना मी लाल दिवा मोजायला शिकवलं. रात्री एकदा, मिनिटभर, वहीत आकडा लिहायचा. वही एप्रिलपासून चालू आहे. सात, सात, सात, सात.

परवा सकाळी दूध आणायला उतरलो तर मामांनी वही पुढं केली.

“साहेब, रात्री नऊ पडले काय की. दोनदा मोजलो.”

नऊ म्हणजे दोन जास्त, सदतीस-अडतीस वॅट. दोघं जिना चढत गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा एलईडी उडाला होता आणि तिथल्या अण्णांनी घरात पडलेली जुनी चोकवाली ट्यूब अडकवून दिली होती.

“फुकटात काम झालं की,” अण्णा दारातनं म्हणाले.

मामांनी वहीत नऊच्या पुढे कंस केला आणि लिहिलं, ‘ट्यूब, तिसरा मजला’.